बरडी

वाटणी झाली तेव्हा मी बरडी मागून घेतली. २००९ सालचा वैशाख होता. आमगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी ओसरीवर सातबारे पसरलेले, दादा खाटेवर बसलेला. मी कालव्याच्या पाण्याखालच्या दोन बांध्या मागेन असं त्याला वाटत होतं, आणि त्या द्यायची त्याची तयारीही होती. मी म्हटलं, बोडीपलीकडची (बोडी म्हणजे लहान तळं) तीन एकर बरडी दे. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अगं, तिथं कुसळसुद्धा धड येत नाही."

आमच्याकडे जमिनीच्या जातींना वेगवेगळी नावं आहेत. कन्हार म्हणजे काळी, जड, पाणी धरून ठेवणारी. तिच्या खालोखाल मोरंड. सिहार हलकी, पण रोवणीला चालते. मग खरडी, आणि सगळ्यांत शेवटी बरडी. बरडी म्हणजे मुरूम आणि गोटे, वर बोटभर माती. वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या धानाच्या मुलखात बरडीवर मात्र पाणी थांबत नाही. सातबाऱ्यावर तिच्यापुढे 'पोटखराब' असं लिहिलेलं असतं. शेतकऱ्याच्या घरात मुलीच्या वाटणीला अशी जमीन आली, तर लोक भावाला नावं ठेवतात. म्हणून मी गावात चार घरी जाऊन सांगून आले की, ती मीच मागितली.

का मागितली, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. माझ्या लहानपणी ती बरडी नव्हती, जंगल होतं. आमचं खाजगी, तीन एकरांचं. येन, धावडा, बिजा, मोवई, लेंडिया, तेंदू, चार आणि वरच्या अंगाला पाच-सहा सालई. येन म्हणजे पुस्तकातला ऐन. आम्ही येन म्हणतो. उन्हाळ्यात आई भल्या पहाटे टोपली घेऊन जायची आणि मी तिच्या मागे. तेंदूची टेंभरं खाऊन जीभ तुरट व्हायची. सालईची साल कागदासारखी सुटलेली असायची. ती सोलली की बोटांना डिंक लागायचा. आई तो वाळवून ठेवायची आणि दिवेलागणीला निखाऱ्यावर टाकायची. त्या धुराचा वास माझ्या मनात घराशी इतका जोडलेला आहे, की अजूनही कुठं धूप जळला की मला आमची ओसरी दिसते.

मी नववीत असताना बाबांनी ते जंगल विकलं. मोठ्या बहिणीचं लग्न होतं आणि त्याच्या आदल्या वर्षी धान बुडालं होतं. ठेकेदाराची माणसं आठ दिवस होती. नवव्या दिवशी शाळेतून येताना बोडीच्या पाळीवरून पलीकडचं गाव दिसलं. आधी कधी दिसलं नव्हतं. बाबांनी त्यावर आयुष्यात एक शब्द काढला नाही. दोन-चार वर्षं तिथं तीळ आणि कुळीथ पेरून पाहिला, मग नांगर फिरवणं सोडून दिलं. पुढची तीस वर्षं ती जागा शेळ्यांची झाली.

जमीन नावावर झाल्यावर मी सगळ्यांत आधी जी चूक केली, तीच बहुतेक जण करतात. झाडं आणली. रोपवाटिकेतून दोनशे रोपं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. आवळा, साग, करंज, थोडा बांबू. खड्डे खणायला माणसं लावली. सब्बल मुरमावर आपटून ठिणग्या उडायच्या. पावसाळाभर रोपं हिरवी दिसली आणि मी खुशीत होते. मार्चपर्यंत त्यांतली दीडशे गेली, मे महिन्यात उरलेली. शिक्षिकेच्या पगारातून साठवलेले पैसे होते ते. पैशांपेक्षा मला त्या वाळलेल्या काड्यांच्या रांगा बघवत नव्हत्या.

त्याच उन्हाळ्यात गावचा गायकी तिथं भेटला. आमच्याकडे गुराख्याला गायकी म्हणतात. वयानं वडील, मी त्यांना मामा म्हणते. ते माझ्या खड्ड्यांच्या रांगेकडे पाहत उभे होते. म्हणाले, "बाई, तुमी झाडं कायले आनता? इथं आहेतच ना." मी चिडून विचारलं, कुठं आहेत? ते खाली बसले, काठीच्या टोकानं मुरूम उकरला आणि मला बोलावलं.

जमिनीच्या पातळीला एक गाठ होती. नारळाएवढी, काळपट, जळलेली, फुटून पुन्हा भरून आलेली. तिच्या एका बाजूला अंगठ्याच्या नखाएवढी दोन पानं, तांबूस आणि लवदार, तेंदूची. मामांनी ती गाठ हाताच्या तळव्यानं साफ केली. गाठीवर थरांवर थर होते. एकेका वर्षी आलेला आणि गेलेला फुटवा. "दरसाली येते, दरसाली शेऱ्या खातेत, नाहीतं आगीत जाते. मनून दिसत नाही," ते म्हणाले. मग तसंच चालत दहा पावलांवर दुसरी गाठ दाखवली. ती येनाची. पुढं पळस. लेंडिया. संध्याकाळपर्यंत आम्ही अर्धा एकर फिरलो, आणि मी काड्या रोवून मोजत गेले. तीनशेच्या वर काड्या झाल्या. माझ्या दोनशे मेलेल्या रोपांच्या अवतीभवती, त्यांच्यासाठी खणलेल्या खड्ड्यांच्या काठावर, काही ठिकाणी तर माझ्याच सबलीनं तुटलेल्या मुळांवर, ते जंगल होतं.

नंतर मी वाचलं. वनविद्येतल्या माणसांना हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. आपल्याकडच्या कोरड्या पानझडी रानातली कितीतरी झाडं लहानपणी वर वाढतच नाहीत. पावसाळ्यात वीतभर कोंब येतो, उन्हाळ्यात किंवा वणव्यात तो मरतो, पण मूळ मात्र दरवर्षी जाड होत जातं. असं दहा वर्षं, पंधरा वर्षं चालतं. मुळात पुरेसा साठा झाला, आणि एखादं वर्ष चरणं आणि आग या दोन्हींतून सुटलं, की तो कोंब एका पावसाळ्यात पुरुषभर उंच होतो आणि मग मागं वळून पाहत नाही. तोडलेल्या झाडाच्या खुंटाचंही तसंच. बाबांनी झाडं विकली होती, मुळं विकली नव्हती. ती विकली जात नाहीत, ठेकेदाराला ती नको असतात.

त्यानंतर मी झाड लावणं सोडलं आणि राखण सुरू केली. काम उलटं झालं. आधी मी काहीतरी आणत होते, आता अडवायचं होतं: शेळी, कुऱ्हाड आणि आग. ऐकायला सोपं वाटतं. पण गावात राहून अडवणं म्हणजे रोज कुणाला तरी नाही म्हणणं, आणि त्या माणसाच्या घरी लग्नाला जेवायलाही जाणं. तारेचं कुंपण मी घातलं नाही. ते परवडणारं नव्हतं, आणि तारेला लोक मालकाचा राग समजतात. बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं, दरवर्षी नवं. बोडीवर जाणारी पायवाट तशीच ठेवली. वाळलेलं सरपण डोक्यावर नेता येईल तेवढं नेऊ दिलं. वरच्या अंगाचा अर्धा एकर शेळ्यांना मोकळा ठेवला, कारण जिच्याकडे चारच शेळ्या आहेत अशा बाईला मी कुठं जा म्हणणार? त्या अर्ध्या एकरात आजही झाड नाही. मला त्याचं दुःख आहे, आणि तो निर्णय बरोबर होता असंही मला वाटतं.

रायमुनियानं, म्हणजे घाणेरीनं, फार छळलं. फुलं गोजिरी, पण खाली गवत उगवू देत नाही. वरून छाटलं की दुप्पट फुटतं. मुळाच्या गळ्याखाली कुदळ घालून उलटं पाडावं लागतं, आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून उगवलेलं हातानं उपटावं लागतं. सहा वर्षं लागली. दर श्रावणात माझ्या कोपरापर्यंत ओरखडे असायचे.

चौथ्या वर्षी आग आली. होळी होऊन आठवडा झाला होता. मोहफुलं वेचायचा हंगाम. फूल पहाटे गळतं, आणि पाचोळ्यात पडलं तर दिसत नाही, म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. पिढ्यान्‌पिढ्या जाळत आलेत. शेजारच्या एका धुऱ्यावरची ती आग वाऱ्यानं बोडीच्या पाळीवर आली आणि तिथून आमच्यात. मी शाळेत होते. पोचले तेव्हा सगळं संपलं होतं, काळ्या राखेत हिरव्या कोंबांच्या काळ्या काड्या. आग लावणारी माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीची आई होती. ती येऊन माझ्याजवळ रडली. मी तिला काय बोलणार होते? तिच्या घरात वर्षाचं मीठ-मिरची मोहफुलांतून येतं. त्या वर्षापासून माघातच आम्ही दोघी मिळून तिच्या मोहाखालचा पाला झाडतो, जाळत नाही, आणि बरडीच्या कडेनं सहा हात रुंदीची जाळरेषा काढतो. मृगाचा पाऊस झाल्यावर मी भीत भीत गेले. जळालेल्या प्रत्येक काडीच्या बुडाशी फुटवा होता, एकेका ठिकाणी चार-चार. त्यांतला एक राखायचा आणि बाकीचे काढायचे, हेही तेव्हाच शिकले.

आमगावजवळ पदमपूर आहे. संस्कृत नाटककार भवभूतीचं पद्मपूर ते हेच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचंच नाव आहे. आठव्या शतकातला हा माणूस. त्याचं 'उत्तररामचरित' मी नोकरीत असताना परीक्षेपुरतं वाचलं होतं. ते पुन्हा हातात घेतलं ते बरडीमुळे. सीतेला सोडल्यानंतर बारा वर्षांनी राम दंडकारण्यात परत येतो. जिथं पाण्याचा प्रवाह होता तिथं आता वाळू आहे. जिथं झाडी दाट होती तिथं विरळ झाली आहे, आणि विरळ होती तिथं दाट. त्याला वाटतं, हे दुसरंच रान आहे. डोंगर तेवढे जागच्या जागी आहेत, आणि त्यांच्यावरून त्याला खात्री पटते की हे तेच. पुढच्या अंकात एका हत्तीच्या पिल्लाची आठवण निघते. सीतेनं वनवासात त्याला आपल्या हातानं पालवी भरवलेली असते. कशाची पालवी, तर सल्लकीची. सल्लकी म्हणजे सालई.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्यानं हे लिहिलं त्यानं सालईची पालवी कुठंतरी डोळ्यांनी पाहिली असली पाहिजे. ती पालवी हत्तीच्या पिल्लाला चावता येईल इतकी कोवळी असते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ती आमच्याच डोंगरांवर पाहिली का, हे मी कशी सांगणार? पण पाऊस उघडल्यावर स्वच्छ दिवशी बोडीच्या पाळीवर उभं राहिलं की पूर्वेला सालेकसा-दरेकशाकडचे डोंगर निळे दिसतात. बाबांनी जंगल विकलं त्या दिवशीही ते तिथंच होते. बरडी वाढू लागली तशी माझी नजर मधूनमधून त्यांच्याकडे जायची, जागा तीच आहे ना, हे पडताळल्यासारखी.

गावात लोकांनी मला सगळ्यांत जास्त वेळा एकच गोष्ट सांगितली, आणि ती काळजीपोटीच सांगितली. "झाडं मोठी होऊ देऊ नका बाई, जंगल लागेल." म्हणजे सरकारदरबारी जंगल म्हणून नोंद होईल आणि जमीन हातची जाईल. या भीतीला हसण्यासारखं काही नाही, तिला इतिहास आहे. हा मुलूख मध्यप्रांतात असताना इथल्या गावांची जंगलं मालगुजारांकडे होती आणि गावाला त्यात निस्ताराचे हक्क होते: सरपण, काटे, चराई, अवजारांपुरतं लाकूड. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. ती संपणार हे दिसू लागल्यावर अनेक मालगुजारांनी उभी जंगलं ठेकेदारांना तोडायला दिली, कारण उद्या ती आपली राहणार नव्हती. सरकारच्या हाती आलं ते कितीतरी ठिकाणी खुंटांचं रान. कागदावर अशा जमिनींना नाव पडलं झुडपी जंगल. नागपूर विभागातल्या सहा जिल्ह्यांत मिळून ती ८६ हजार हेक्टरांहून जास्त आहे. जंगल की महसुली जमीन, हा तिचा वाद माझ्या सगळ्या नोकरीभर चालू होता, आणि अखेर २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ती वनजमीनच असल्याचा निवाडा दिला. मला त्या निवाड्याचा आनंद झाला. झुडूप हे नाव पाहणाऱ्यानं दिलेलं आहे, त्याच्या खालची मुळं झाडांची आहेत. हे मी मामांच्या काठीच्या टोकावर पाहिलं होतं.

पण खाजगी मालकाचं भय वेगळं. १९७५ च्या खाजगी वनं संपादन कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ पासून राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली, आणि ठाणे-कोकणाकडे त्यावरून पुढं कित्येक वर्षं खटले चालले. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानं सांगितलं की, नोंद जंगल म्हणून असेल तर मालक कुणीही असो, वनसंवर्धनाचा कायदा लागू. त्याआधीपासून १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहेच. साग, मोह, ऐन, बिजा, हळदू, तिवस, खैर अशी झाडं स्वतःच्या शेतातलीसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. यांतला प्रत्येक कायदा झाडासाठी केला गेला आणि त्यांनी पुष्कळ जंगल वाचवलंही. तरी आमच्या धुऱ्यांवर त्यांचा एक परिणाम मी रोज पाहते. बिजाचं किंवा येनाचं रोप अंगठ्याएवढं जाड झालं की शेतकरी ते विळ्यानं उडवतो. मोठं झालं तर परवानगी मागावी लागेल, आता कोण विचारतो? निलगिरी मात्र तो निर्धास्त लावतो. स्वतःच्या जमिनीत इथलंच झाड वाढवणाऱ्याला कायद्यानं धीर द्यायला हवा. वाढवलंस ते तुझं, ते राखल्याबद्दल तुझ्या जमिनीचं काही वाईट होणार नाही, एवढं कुणीतरी लिहून द्यायला हवं. आमच्या गोंदिया जिल्ह्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग जंगलानं झाकलेला आहे. नागझिरा आहे, नवेगाव आहे, त्यांचा मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. पण त्या जंगलांच्या मधल्या गावांत, धुऱ्यांवर आणि बरड्यांवर जे सांडलेलं जंगल आहे, ते शेतकऱ्याच्या मनावरच उभं आहे.

हे मनावर उभं राहणं अशक्य नसतं. सारस पक्षी महाराष्ट्रात आता जवळजवळ आमच्या गोंदियातच उरला आहे, आणि तो घरटं करतो धानाच्या बांधीत, म्हणजे कुणाच्या तरी खाजगी शेतात. शेतकऱ्यानं घरट्याभोवतीचं धान तेवढं सोडून दिलं तरच पिल्लू होतं. सोडतात लोक. आणि गडचिरोलीतल्या मेंढा गावानं तर २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवल्यावर, २०१३ मध्ये आपली खाजगी शेतजमीनसुद्धा ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावानं करायचं ठरवलं. मी एकदा तिथं जाऊन आले. परतताना मोटारीत गप्प बसले होते, कारण माझं तीन एकरांचं मालकीपण मला खूप एकटं वाटू लागलं होतं.

खाजगी जमिनीवरच्या जंगलांबद्दल मी दूरदूरचंही वाचत गेले. स्कॉटलंडमध्ये देशी पाइनची जुनी जंगलं मूळच्या मानानं अगदी थोडी उरली आहेत, आणि त्यांतली कितीतरी बड्या जमीनदारांच्या खाजगी इस्टेटींत. १९५९ साली स्टीव्हन आणि कार्लाइल या दोघा वनशास्त्रज्ञांनी त्यांची मोजदाद प्रसिद्ध केली, तेव्हा पस्तीस ठिकाणं भरली. जुनी झाडं दोनशे-तीनशे वर्षांची आणि त्यांच्याखाली एकही पोर नाही. कारण हरणं आणि मेंढ्या प्रत्येक रोप खात होत्या. 'ट्रीज फॉर लाइफ' नावाच्या संस्थेनं २००८ साली डनड्रेगन नावाची दहा हजार एकरांची इस्टेट विकत घेतली, आणि हरणांना आवर घातल्यावर हेदरच्या झुडपांत दबून राहिलेली रोपं वर आली. हे वाचताना मला तिकडचा पाइन कसा दिसतो ते नीट डोळ्यांपुढं येत नव्हतं, पण एकही पोर नसलेली म्हातारी झाडं लगेच दिसली. तशी आमच्याकडे प्रत्येक धुऱ्यावर आहेत.

मोह. आमगावहून सालेकशाकडे जाताना बांध्यांच्या मधोमध जी घेरदार झाडं उभी दिसतात, ती बहुतेक मोहाची. आजोबा-पणजोबांच्या काळची. त्यांच्याखाली लहान मोह शोधून पाहा, सापडत नाही. फुलं आपण वेचतो. मग जूनच्या तोंडाला टोऱ्या पडतात, त्याही तेलासाठी वेचतो. चुकून एखादी रुजली तर नांगरात जाते, नाहीतर शेळीच्या तोंडी. मोहाचं बी ठेवणीतलं नाही. पडल्यापासून थोड्याच आठवड्यांत त्याचा जीव जातो. त्याच पावसात मातीत गेलं तरच उगवतं. म्हणजे आज उभा असलेला मोह म्हातारा होऊन पडला, की त्या धुऱ्यावर मोह संपला. बरडीच्या मुळांत सगळं होतं, पण मोह नव्हता. बाबांच्या वेळी बरडीवर त्याचं एकच झाड होतं आणि ते मुळासकट गेलं होतं. म्हणून एवढं एकच झाड मी लावते, तेही बी टोचून. वीस टोचले तर दोन राहतात.

आमच्या मोठ्या बांधीच्या धुऱ्यावर एक मोह आहे. तो दादाच्या वाट्याला गेला. त्याच्या सावलीत दोन आरांइतकं धान दरवर्षी पोचट राहतं, आणि झाड काढायचं दादाच्या मनात गेली पाच-सहा वर्षं आहे. त्याचं गणित खोटं नाही. त्याचा मुलगा हार्वेस्टर आणायचं म्हणतो, आणि हार्वेस्टरला मध्ये झाड चालत नाही. आमचं यावर दोनदा भांडण झालं. दुसऱ्यांदा दादा म्हणाला, "तुझ्याकडे पेन्शन आहे म्हणून तुला जंगल सुचतं." ते शब्द मला लागले, आणि खरेही होते. पेन्शन नसती तर बरडीवर मीही तीळ पेरून पाहिले असते. बाबांनी काय वेगळं केलं होतं?

आता सोळा वर्षं झाली. येन दोन माणसांच्या उंचीचे झालेत, काही त्याहून मोठे. साल अजून कोवळी आहे. तिच्यावर मगरीच्या पाठीसारख्या चौकटी पडायला अजून वेळ आहे, त्या मी पाहणार नाही. बोडीच्या पाळीवरून पलीकडचं गाव पुन्हा दिसेनासं झालंय. सालई मात्र एकच वाचली. वरच्या अंगाला, शेळ्यांच्या अर्ध्या एकराच्या अलीकडे, तिचा खुंट मेलेला वाटत होता. सातव्या वर्षी त्याच्यापासून चार हातांवर मुळातून फुटवा आला. तिचा डिंक मी काढलेला नाही.

गेल्या कार्तिकात एका येनाच्या फांदीवर मला कोसा दिसला. रानटी, कुणी न सोडलेला. इथले ढिवर लोक येन आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळतात, पण हा त्यांच्यातला नव्हता. चिंचोक्याच्या रंगाचा, कोंबडीच्या अंड्याहून लहान. किड्यानं आधी रेशमाचा एक देठ विणून त्याची कडी फांदीभोवती पक्की केली होती, मग त्या कडीला आपलं घर टांगलं होतं. पानं गळाली तरी घर गळू नये म्हणून. मी पान उलटून पाहिलं. येनाच्या पानाच्या मागं, देठाजवळ, दोन बारीक गाठी असतात, मोहरीएवढ्या. आई त्यावरूनच येन ओळखायला शिकवायची. पान किड्यानं अर्धं खाल्लं होतं. हा किडा तीन एकर शोधत कुठून आला असेल? आजूबाजूला सगळ्या धानाच्या बांध्या. मी फांदीला खूण म्हणून दोरा बांधला आणि दर आठवड्याला जाऊन पाहत राहिले. पूर्ण हिवाळा, पूर्ण उन्हाळा तो तसाच लटकत होता. जूनच्या पहिल्या पावसानंतर गेले तर वरच्या टोकाला ओलसर भोक होतं, बोट जाईल एवढं.

माझा मुलगा पुण्याला असतो. बरडीचं पुढं काय, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, आई, मी विकणार नाही. मी त्याच्यावर विश्वास ठेवते. पण बाबाही मनातून विकणारे नव्हते, हे मला माहीत आहे. त्यामुळे मी तलाठ्याकडे, वकिलाकडे, वनखात्याच्या एका जाणत्या माणसाकडे जाऊन विचारत असते की, हे माझ्यामागं राहील असं कागदावर काही करता येतं का. अजून समाधानाचं उत्तर मिळालेलं नाही. विचारत राहणार आहे.

या वर्षी मृगाच्या दुसऱ्या पावसानंतर मी काट्यांचं कुंपण दुरुस्त करत होते. दादा पाळीवरून येताना दिसला. त्याचे गुडघे दुखतात, तो इकडं सहसा येत नाही. धोतराच्या ओच्यात काहीतरी धरलेलं होतं. जवळ आल्यावर त्यानं ओचा उघडला. टोऱ्या होत्या, तीस-चाळीस, ताज्या, काहींना अजून गर चिकटलेला. धुऱ्यावरच्या मोहाच्या.

"कुठं टोचायच्या?" त्यानं विचारलं.

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली आणि म्हणाला, "झाडाचं मी अजून काही ठरवलेलं नाही. तू लगेच समजू नको."

मी काही समजले नाही. खुरपं त्याच्या हातात दिलं आणि जागा दाखवली, जुन्या मोहाची होती ती, बोडीच्या बाजूची. तो उकिडवा बसू शकत नव्हता, म्हणून दगडावर बसून वाकून भोकं पाडत गेला, आणि मी त्यात टोरी आडवी ठेवून माती लोटत गेले.